पुलावरचं बोलणं

“…आणि ते डुक्कर, बरं का बान मास्तर, पोत्यातून निसटलं ते थेट इंजिनाच्या झाकणावर चढून बसलं! चालक ओरडतोय, शाळेच्या पोरी किंचाळताहेत, आणि डुकराची मालकीण मला म्हणते कशी, ‘अगं पोरी, लहान आहे ते, त्याचं अर्धंच तिकीट—’”

बोलणं तुटलं. कानात नुसती शांतता उरली.

मा ओक-बुननं फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानंच डुक्कर सोडलं होतं. गाडी पुलाच्या बरोबर मधोमध होती. खाली नदी उन्हात चमकत होती.

“गेला,” पुढच्या सीटवरून क्वाक म्हणाला. तो गाडी चालवायचा, आणि गाडी चालवता चालवता प्रत्येकाला टोचायचा. “अहो ओक-बुनबाई, डुकराची गोष्ट पुलाच्या अलीकडेच संपवावी माणसानं. रोजचंच आहे, या पुलावर फोन मरतो.”

“क्वाकदादा, तुम्ही गाडी हळू चालवलीत तर संपेल गोष्ट!”

मागे यंत्रांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या प्यो इंजिनिअरनं कपाळ यंत्राच्या पडद्याला टेकवलं. तिशीतला बारकेला माणूस, दाढी वाढलेली, शर्टावर कालच्या सूपचा डाग. “पुन्हा लावा काकू,” तो दमून म्हणाला.

तिनं पुन्हा फोन लावला. पलीकडे एका घंटीत उचलला गेला आणि तोच तो शांत, जरासा खर्जातला आवाज आला. “बान बोलतोय. मग? दिलंत का अर्धं तिकीट?”

ओक-बुन खळखळून हसली.

ओक-बुन सोळाव्या वर्षी दक्षिण कोरियातल्या देजॉनच्या शहर बसमध्ये तिकीट देणारी मुलगी म्हणून लागली. दारात उभं राहून माणसं आत ढकलायची, थांब्यांची नावं पुकारायची, बसच्या पत्र्यावर थाप मारून गाडी सोडायची. तिचा आवाज पुढच्या चौकात ऐकू जातो, असं लोक म्हणत. पुढे बसला आपोआप मिटणारी दारं आली, पैसे टाकायच्या पेट्या आल्या आणि त्या सगळ्या मुली घरी गेल्या. ओक-बुन तोवर मुलगी राहिली नव्हती. नवरा आजारपणात गेला, लेक लग्न होऊन बुसानला गेली. ओक-बुन बस आगाराच्या तोंडाशी समुद्री शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या वळकट्या विकू लागली. तिथंच एके सकाळी प्योनं तिला ओरडताना ऐकलं. तीन बसगाड्यांची इंजिनं धडधडत असताना तिचा शब्द न् शब्द कळत होता.

“काकू, दिवसभर बोलायचं काम कराल का?” त्यानं विचारलं होतं.

“दिवसभर गप्प बसायचं असतं तर नाही म्हटलं असतं,” ती म्हणाली होती.

काम खरंच तेवढंच होतं. शहराबाहेरच्या संशोधन संस्थेत खिशात घालून फिरता येईल अशा फोनची नवी पद्धत घडत होती. बाहेरच्या बऱ्याच शहाण्यांनी ‘हे जमायचं नाही’ म्हणून माना हलवल्या होत्या, त्यामुळे संस्थेतली माणसं ईर्ष्येनं पेटली होती. ओक-बुननं गाडीत बसून शहरभर हिंडायचं आणि बोलत राहायचं. संस्थेच्या एका बंद खोलीत बान दोंग-मान नावाचा माणूस ऐकत राहायचा, प्रश्न विचारायचा आणि आवाज किती स्वच्छ आला त्याचं बटण दाबायचा. एकपासून पाचपर्यंत.

पहिल्याच आठवड्यात तिला कळलं की तो तिला बहुधा तीन देतो.

“तीन? माझ्या आवाजाला तीन?”

“फोनला तीन, बाई. तुम्हाला नाही.”

“मग मला किती?”

तो म्हणाला, “तुमच्यासाठी बटण दिलेलं नाही त्यांनी.”

एक नियम मात्र कडक होता: दोघांनी भेटायचं नाही. खरा आवाज एकदा कानात बसला की ऐकणारा फोनमधली उणीव मनानंच भरून काढतो आणि गुण चुकतात, असं संचालकांचं म्हणणं. म्हणून ओक-बुन मागच्या फाटकानं यायची, गाडीच्या शेडमध्येच चहा प्यायची आणि तिथूनच निघायची. क्वाकलाही आत मज्जाव होता. सगळे त्याला बान मास्तर म्हणत, तेव्हा ती समजून चालली होती की असेल कुणीतरी निवृत्त शिक्षक. भूगोलाचा असावा. कारण सगळं गाव कसं दिसतं हे विचारायची त्याला भारी हौस.

बसमधल्या गोष्टी उन्हाळ्यापर्यंत पुरल्या. नंतर तिनं शेजारणींची भांडणं सांगितली, नवऱ्याचं आजारपण सांगितलं, लेकीच्या सासूची नक्कल करून दाखवली. एक दिवस मात्र तोंडाचा पट्टा थांबला.

“संपलं हो मास्तर. आता काय सांगू?”

“खिडकीबाहेर काय दिसतंय?”

“काय दिसणार? रस्ता.”

“कसला रस्ता?”

मग ती सांगू लागली. फळवाल्यानं पिवळ्या खरबुजांचा डोंगर रचलाय, बघा. वरचं एक घरंगळलं, बघा, तो धावला. एक आजीबाई लाल छत्री घेऊन उन्हात बसल्यात आणि छत्रीच्या सावलीत त्यांचं कुत्रं, स्वतः उन्हात. डोंगरावर ढग असा बसलाय, बघा, जसं भाताच्या हंडीवर झाकण तिरकं ठेवावं. तो मध्येच विचारायचा, “लाल म्हणजे कसा, मिरचीचा की डाळिंबाचा?” आणि ती चक्क विचार करून उत्तर द्यायची. सत्तेचाळीस वर्षं ज्या गावात काढली, ते गाव आपण कधी पाहिलंच नव्हतं, असं तिला वाटू लागलं. संध्याकाळी घरी परततानाही ती बसच्या खिडकीतून पाहत मनात वाक्यं जुळवायची, उद्या सांगायला.

बुसानहून लेकीनं फोन केला तेव्हा ती म्हणाली, “आई, तू हल्ली फार सावकाश बोलतेस. बरी आहेस ना?”

“बरी आहे. समोरच्याला दिसायला पाहिजे ना,” ओक-बुन म्हणाली आणि आपण असं का म्हणालो याचा विचार करत बसली.

पुलाचं दुखणं मात्र हटेना. एकदा दुपारी नदीकाठच्या खानावळीत, सुरीनं कापलेल्या जाड शेवयांच्या सुपाची वाटी पुढे आल्यावर तिनं प्योला धरलं.

“साहेब, मला एकदा समजावून सांगा. इतकी माणसं एकाच वेळी, एकाच हवेतून बोलणार. गोंधळ नाही होत?”

प्योच्या डोळ्यांत एकदम दिवा लागला. हा प्रश्न त्याला घरचं कुणी विचारत नसे. “होतो ना! मुद्दामच करतो आम्ही तो. समजा तुमचं बोलणं म्हणजे वाटीभर तांदूळ. जुन्या पद्धतीत प्रत्येकाची वाटी वेगळ्या फळीवर ठेवायची. आम्ही काय करतो, सगळ्यांचे तांदूळ एकाच अंगणात उधळतो.”

“आणि वेचायचे कसे?”

“उधळताना एक माळ लावून उधळायचे. शून्य आणि एक यांची माळ. शून्य, शून्य, एक, शून्य, एक, एक… नाणं उडवून लिहिल्यासारखी. पाहणाऱ्याला वाटतं, हिला काही अर्थच नाही. पण ती यंत्रानं नेमानं बनवलेली असते आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तीच माळ मास्तरांच्या यंत्रात असते. तिच्या बरहुकूम वेचलं की फक्त तुमचे तांदूळ वाटीत पडतात, बाकीचे जागच्या जागी. ज्याच्याकडे माळ नाही त्याला नुसता खरखराट.”

“आणि माळ एक मणी पुढंमागं झाली तर?”

“तर तुम्हीसुद्धा खरखराट,” प्यो म्हणाला. “टॉवरांचीही अशीच एक माळ आहे. सगळे टॉवर तीच गातात, पण प्रत्येकजण ठरलेलं अंतर मागून सुरू करतो. शाळेत एक बाक गाणं सुरू करायचं आणि दुसरं बाक एक ओळ मागून, तसं. कोण किती मागे आहे त्यावरून फोन ओळखतो की हा कुठला टॉवर. पुलावर गेलं की अलीकडचा टॉवर टेकडीआड जातो. त्याच क्षणी पलीकडचा सापडायला पाहिजे. तो का सापडत नाही, तेच कळत नाहीये. सूर येतोय, पण फोन बहिरा झाल्यासारखा वागतो.”

“सूप निवतंय साहेब,” क्वाक म्हणाला. “आणि बाई, तुम्ही तांदूळ उधळू नका, भात खा.”

कोबीचे दिवस आले. थंडीसाठी घरोघर किमची, कोबीचं तिखट लोणचं, घालायचं म्हणून ट्रक भरभरून कोबी शहरात येत होते आणि ओक-बुन बान मास्तरांना एकेका गड्ड्याचं वर्णन ऐकवत होती. त्या दिवशी मात्र तो गप्प गप्प होता. गाडी पुलाकडे वळली तेव्हा तो अचानक म्हणाला,

“ओक-बुनबाई, एक गोष्ट तुम्हाला फार आधी सांगायला हवी होती. म्हणजे, आता इतके महिने झाल्यावर सांगताना लाज वाटते. गोष्ट अशी की मी—”

बोलणं तुटलं.

ओक-बुननं धडपडत पुन्हा फोन लावला. “तुम्ही काय? मास्तर? तुम्ही काय?”

पलीकडे त्याचा धीर गेलेला होता, हे तिला नुसत्या श्वासावरून कळलं. “काही नाही,” तो म्हणाला. मग ओशाळून हसला. “असं करू. ज्या दिवशी पुलावर बोलणं टिकेल, त्या दिवशी सांगेन. तोवर मला पळवाट राहू द्या.”

परतताना क्वाकला चेव आला. “बायको असेल! दोन असतील!”

“गप्प बसा.”

“नाहीतर उत्तरेकडचा हेर. रोज विचारतो ना, कुठला रस्ता, कुठलं घर, छत्रीचा रंग कोणता? मी सांगतो, हेरच!”

“क्वाकदादा, हेराला खरबुजाच्या डोंगराचं काय करायचंय?” ती कडाडली. पण शेडमध्ये उतरल्यावर ती प्योसमोर जाऊन उभी राहिली. “साहेब, तो पूल दुरुस्त करा.”

“काकू, मी गेले—”

“मला माहीत आहे. तरी करा.”

आणि नेमकं त्याच आठवड्यात संचालकांचं फर्मान आलं. यापुढे गाडीत माणूस बोलणार नाही. एका वृत्तनिवेदिकेच्या आवाजात ठरावीक वाक्यं टेप करून घेतली आहेत, तीच वाजवायची. म्हणजे गुणांत फरक पडायला नको. येत्या सोमवारपासून. ऐकणाऱ्याचंही काम संपलं, गुण यंत्रच देणार.

प्योनं तिला हे मान खाली घालून सांगितलं. ओक-बुन थोडा वेळ गाडीच्या पायरीवर बसून राहिली. तिचं काम एकदा दारांनी नेलं होतं, आता टेप नेत होती. त्याचं तिला फारसं वाटलं नाही, वळकट्या विकता येत होत्या. पण आपण अर्ध्या वाक्यावर थांबलो आहोत, हे तिला सोसेना.

“सोमवारपर्यंत पूल आहे ना आपल्याकडे?” तिनं विचारलं.

प्योनं वर पाहिलं. मग तो गाडीत चढला.

दोन दिवस तो पुलावरची मापं पुन्हा पुन्हा काढत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीतूनच त्याची आरोळी आली. “उशिरा येतोय! उशिरा येतोय तो!”

“कोण? संचालक?” क्वाक दचकला.

“पलीकडचा टॉवर! लांबच्या डोंगरावर आहे ना तो. पाण्यावरून थेट दिसतो, म्हणून वाटायचं जवळ आहे. पण त्याची माळ इथं पोचेपर्यंत आणखी मागे पडते. फोन तिला ठरलेल्या जागी शोधतो, तिथं ती नसते, की म्हणतो, कुणी नाही. अरे, ती जरा मागे उभी आहे! नजर थोडी रुंद करायला पाहिजे, बस.”

शोधायची जागा त्यानं रुंद केली. पुलावर बोलणं टिकायच्या आधीच बाजाराच्या चौकात तुटलं. तिथं आजवर कधी तुटलं नव्हतं. जागा रुंद झाल्यावर फोनचा सगळा वेळ शोधण्यातच जात होता आणि जवळचे टॉवर हातचे निसटत होते. दुपारभर प्यो आकड्यांशी झटापट करत राहिला. शेवटी त्यानं बाकी सगळ्या टॉवरांना पूर्वीचीच जागा ठेवली आणि नदीपलीकडच्या त्या एकट्याला तेवढी सवड दिली.

“चला,” तो म्हणाला. “चला, ऊन आहे तोवर.”

शुक्रवारची दुपार होती. ओक-बुननं फोन लावला.

“बान बोलतोय.”

“मास्तर, पुलाकडे निघालोय.”

“बरं,” तो म्हणाला.

बाजाराचा चौक गेला. टेकडी गेली. गाडी पुलावर चढली आणि ओक-बुन बोलतच राहिली, काय ते तिलाही कळत नव्हतं. नदी आज हिरवी आहे, बघा. दोन बगळे आहेत, बघा, एक लंगडतोय की काय. गाडी मधोमध आली. जिथं रोज बोलणं तुटायचं, तो दिव्याचा खांब मागे गेला. बोलणं चालूच होतं. मागे प्यो पडद्याला नाक लावून बसला होता; त्यानं एक हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

“मास्तर? आहात?”

“आहे.”

“पूल टिकला.”

“कळलं मला,” तो म्हणाला. “आता सांगावंच लागेल. ओक-बुनबाई, मला दिसत नाही. विशीत तापानं डोळे गेले. मी शिक्षकबिक्षक नव्हतो कधी. युसंगच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर मालिश करायचो. तिथं आम्हा मालिशवाल्यांना मास्तर म्हणतात. कानाचं काम म्हणून इथं घेतलं मला. तुम्ही पहिल्या दिवशी ‘शाळेत कुठला विषय?’ विचारलंत, मी हसून सोडून दिलं, आणि मग ते तसंच राहिलं.”

ओक-बुननं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

गाडी पुलाचं दुसरं टोक उतरली. ती बोलेना. क्वाकनं आरशातून पाहिलं. प्यो घाबरून ओरडला, “कट झाला? काकू, कट झाला का?” मग त्यानं पडदा पाहिला. सगळ्या रेषा ठणठणीत होत्या. गेल्या कित्येक महिन्यांत एवढी चांगली जोडणी मिळाली नव्हती, आणि तिच्यावरून कुणीच काही बोलत नव्हतं.

“बाई?” पलीकडून हळूच आवाज आला. “रागावलात?”

“रागावू नको तर काय करू!” ओक-बुन फुटली. “इतके महिने मी तुम्हाला सांगतेय, हे बघा, ते बघा! खरबूज बघा, छत्री बघा! आत्ता, आत्ता बगळे बघा म्हणाले मी! एवढी लाज कधी—”

“मला कुणी तसं म्हणत नाही,” बान म्हणाला. “तीस वर्षं झाली. लोक जपून बोलतात. माझ्यासमोर ‘बघा’ म्हणायचं टाळतात, जीभ चावतात. तुम्ही रोज म्हणायचात. हे तुम्हाला कळलं की तुम्हीही थांबाल, म्हणून नाही सांगितलं. आता थांबाल ना?”

ओक-बुननं नाक पुसलं. खिडकीबाहेर शेवटच्या कोबीचा ट्रक चालला होता, त्याच्या ढिगावर एक माणूस पाय पसरून मजेत झोपला होता.

“मास्तर,” ती म्हणाली, “ट्रकवर एक माणूस झोपलाय, बघा. कोबीची उशी केलीय मेल्यानं.”

पलीकडे बान मोठ्यानं हसला. तो असा हसतो हे तिला ठाऊक नव्हतं. आणि मागे प्यो इंजिनिअर हमसून हमसून रडत होता. “टिकला,” तो म्हणत होता, “तुटला नाही, काकू, टिकला!”

“तुम्हाला माहीत होतं, साहेब?” तिनं वळून दरडावलं.

“काय? मास्तरांचं? अहो, सगळ्यांनाच माहीत आहे! मला वाटलं, तुम्हालाही आहे!”

“क्वाकदादा, गाडी फिरवा. पुढच्या फाटकानं घ्या.”

“नियम आहे ना, भेटायचं नाही?”

“सोमवारी टेप येतेय. टेपला सांगा नियम.”

संस्थेच्या लांबलचक व्हरांड्यातून ती चपला वाजवत गेली आणि खोलीचं दार उघडून, सवयीनं, पुढच्या चौकात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बान मास्तर! मी आले!”

भिंतीशी बसलेला पांढऱ्या केसांचा, रुंद हातांचा माणूस खुर्चीतून उठला. त्याचा कोट इस्त्रीचा होता, कॉलर मात्र एका बाजूनं दुमडली होती.

“हळू, बाई,” तो म्हणाला. “डोळे गेलेत. कान शाबूत आहेत.”

ओक-बुन पुढे झाली आणि तिनं त्याची कॉलर सरळ केली.

हिवाळ्यात ते फोन बाजारात आले. लोक रस्त्यावरून चालता चालता बोलू लागले आणि सुरुवातीला सगळ्यांना ते वेड्यासारखं वाटलं. प्योला बढती मिळाली, त्यानं शर्ट बदलला. ओक-बुन पुन्हा आगाराशी वळकट्या विकू लागली आणि बान झऱ्यांवर परतला. पण रविवारी दुपारी दोघं नदीवर जात.

पुलाच्या खाली, पाणी उथळ आहे तिथं, पलीकडे जायला मोठमोठे चौकोनी दगड ओळीनं मांडलेले आहेत. मार्चमधल्या एका रविवारी ओक-बुन पहिल्या दगडावर चढली आणि बाननं मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती एक पाऊल टाकायची, थांबायची; मग तो टाकायचा. पाणी दगडांमधून खळखळत होतं. पलीकडच्या काठावर सहलीला आलेली मुलं, त्यांची शिक्षिका आणि सायकल खांद्यावर घेतलेला एक तरुण खोळंबून उभे होते. एका मुलीनं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तिला दुसरीनं कोपरानं ढोसलं.

मधल्या दगडावर ओक-बुन थांबली. “मास्तर, लोक थांबलेत आपल्यासाठी. बरेच आहेत.”

“मग घाई करू?”

तिनं काठाकडे पाहिलं. सायकलवाल्यानं सायकल खाली ठेवली होती आणि तो गवतावर बसला होता.

“नको,” ती म्हणाली. “पुढचा दगड जरा ओला आहे.”